पाणी वायूतलं की नळीतलं?

वायूतलं पाणी दुपारी अडीच वाजता ९.१ पीपीएम, पहाटे साडेचारला ६.२. नायट्रोजन तोच, यंत्र तेच, जागा तीच. करारातली मर्यादा ५ पीपीएमची. वापरणारे म्हणत होते, वायू ओला येतोय. पुरवणारे म्हणत होते, आमच्या टाकीपाशी येऊन मोजा, एक पीपीएमसुद्धा भरत नाही. तीन आठवडे पत्रापत्री झाली आणि मग मला बोलावणं आलं.

गेली अठरा वर्षं मी वायूंमधलं पाणी मोजते. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन, हायड्रोजन, कधी कार्बन डायऑक्साइड. लोकांना वाटतं, यंत्र जोडायचं, आकडा वाचायचा, कागदावर सही करायची. आकडा वाचायला दहा सेकंद लागतात हे खरं आहे. पण तो आकडा कशाचा आहे, हे ठरवण्यात माझे दोन-दोन दिवस जातात. या वेळी तीन गेले.

लॉगबुक चाळताना माझं लक्ष आधी दुपार आणि पहाट यांच्या फरकाकडे गेलं. तीन महिन्यांच्या नोंदी होत्या आणि जवळजवळ प्रत्येक दिवस तसाच होता: ऊन चढलं की आकडा चढायचा, रात्री उतरायचा. इथला नायट्रोजन द्रवरूपात येतो, मोठ्या टाकीत साठतो आणि बाष्पकातून वायू होऊन लाइनमध्ये जातो. टाकीतला द्रव दाबाप्रमाणे साधारण उणे १७० ते उणे १९६ अंशांवर असतो. बाहेर दुपार आहे की मध्यरात्र, याचा त्याला पत्ताही नसतो. शिवाय इतक्या थंडीत पाणी बाष्परूपात उरतच नाही, म्हणून अशा टाकीतून निघालेला वायू मुळातच कमालीचा कोरडा असतो. मग रोज दुपारी हे पाणी येतंय कुठून?

लॉगबुकात आणखी एक गोष्ट खटकली. तारीख होती, वेळ होती, आकडा होता, सही होती. नमुन्याचा, म्हणजे मोजण्यासाठी यंत्राकडे घेतलेल्या वायूचा, प्रवाह किती होता, याचा रकानाच नव्हता.

पुढचं सांगण्याआधी एक पीपीएम म्हणजे किती, ते सांगायला हवं. दहा लाख रेणूंमागे पाण्याचा एक रेणू. खोलीतली साधी हवा घेतली, २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता, तर तिच्या दहा लाख रेणूंमध्ये सुमारे साडेपंधरा हजार पाण्याचे असतात. म्हणजे मी जे मोजायला जाते, त्याच्या पंधरा हजार पट पाणी माझ्या हातांभोवती, यंत्राभोवती, प्रत्येक नटाभोवती तरंगत असतं. ऑक्सिजनचं विश्लेषण करणाऱ्यांनाही हवेशी झगडावं लागतं, पण ऑक्सिजन निदान भिंतीला चिकटून बसत नाही. पाणी बसतं.

आमच्या कामात पीपीएमइतकाच दवबिंदूही बोलला जातो. वायू थंड करत गेलं की ज्या तापमानाला त्यातलं पाणी बाहेर पडू लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. शून्याखाली खूप खोल गेलं की दव पडत नाही, हिमकण धरतात. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर काही जोड्या लिहून ठेवल्या आहेत. वातावरणाच्या दाबाला उणे ४० अंश म्हणजे साधारण १२७ पीपीएम, उणे ६० म्हणजे ११ च्या जरा आत, उणे ७६ म्हणजे जवळपास १, आणि उणे ९० म्हणजे पीपीएमचा दहावा हिस्सा. हे पान मला पाठ आहे, तरी प्रत्येक कामाच्या आधी ते उघडते, कारण 'वातावरणाच्या दाबाला' हे शब्द त्यावर लाल शाईत आहेत. वातावरणाच्या दाबाला उणे ६० अंश दवबिंदू असलेला वायू आठ बार निरपेक्ष दाबावर, म्हणजे वातावरणाच्या सुमारे आठपट दाबावर, दाबला, तर त्याचा दवबिंदू उणे ४३ च्या आसपास येतो. त्यात पाणी वाढलेलं नसतं, प्रमाण तेच असतं. दाब न लिहिता नुसता दवबिंदू लिहिलेला अहवाल माझ्या हाती आला की मी तो परत पाठवते. यावरून काहींशी वाईटपणाही आला आहे, पण मी माघार घेतलेली नाही.

पहिल्या संध्याकाळी मी माझी दोन यंत्रं बाहेर काढली. वापरणाऱ्यांचं पॅनेलमधलं यंत्र अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सेन्सरचं होतं. सच्छिद्र ऑक्साइडचा पातळ थर पाण्याचे रेणू धरतो, त्यानं थराची विद्युत धारकता (वीज साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्यावरून आकडा निघतो. लहानसा सेन्सर, दाबाखाली चालणारा, कारखान्यात सगळीकडे दिसणारा. त्याची अडचण अशी की तो हळूहळू म्हातारा होतो. थराची रचना बदलत जाते आणि आकडा सरकतो, पण सरकलेला आकडाही पटण्यासारखाच असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. दरवर्षी अंशांकनाला, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहायला, पाठवला तर ठीक. इथला पाठवलेला होता, कागद जागेवर होते. तरी मला माझं स्वतःचं माप हवं होतं.

माझं पहिलं यंत्र थंड आरशाचं. यंत्रांमध्ये मला सगळ्यात जवळचं तेच आहे, कारण त्यात मधे कुणी दुभाषी नाही. एक चकचकीत लहानसा आरसा, मागून तो थंड होत जातो, समोरून प्रकाश पडतो. आरशावर दव किंवा हिम धरलं की परतणारा प्रकाश मंदावतो. यंत्र थर तेवढाच राहील असं तापमान सांभाळतं आणि आरशात बसवलेला प्लॅटिनमचा तापमापक ते तापमान सांगतो. डॅनियलनं १८२० मध्ये ईथर उडवून काचेचा गोळा थंड केला आणि त्यावर दव कधी धरतं ते डोळ्यांनी पाहिलं, रेन्योनं १८४५ मध्ये चांदीचं पातळ टोपण वापरलं. तत्त्व आजही तेच आहे. मला शिकवणारे सर म्हणायचे, "आरसा खोटं बोलत नाही, पण तो उशिरा बोलतो." उशीर किती, हे हिशेबानं कळतं. मिनिटाला अर्धा लिटर वायू, त्यात १ पीपीएम पाणी, तर आरशापाशी मिनिटाला येणारं पाणी सुमारे ०.३७ मायक्रोग्रॅम. त्यातलं काही चिकटणार, बाकीचं निघून जाणार. दिसण्याजोगा हिमाचा थर जमायला तास लागतात. नवशिके लोक अर्ध्या तासात आरसा अजून स्वच्छ आहे म्हणून त्याला आणखी थंड करतात, मग एकदम जास्त हिम धरतं आणि आकडा वर-खाली हेलकावे खात राहतो. मीही सुरुवातीला तेच करायचे.

शून्य ते उणे वीस-पंचवीसच्या पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आरशावर धरलं ते अतिशीत पाणी की बर्फ, हे भिंगातून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि त्यावरून उत्तरात दोन अंशांचा फरक पडू शकतो. इतक्या कोरड्या नायट्रोजनमध्ये तो प्रश्न नव्हता.

दुसरं यंत्र फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या सेलचं. काचेच्या नळीत दोन बारीक तारा शेजारी-शेजारी गुंडाळलेल्या, त्यांच्यावर फॉस्फरस पेंटॉक्साइडचा थर. हा पदार्थ पाण्यासाठी इतका हावरा आहे की समोरून जाणाऱ्या वायूतलं जवळपास सगळं पाणी ओढून घेतो. तारांना विद्युतदाब दिला की ते पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटतं, आणि किती वीज वाहिली त्यावरून किती पाणी फुटलं ते थेट मोजता येतं. १९५० च्या दशकातली ही पद्धत. हिशेब सरळ फॅरेडेच्या नियमाचा: २५ अंशांना मिनिटाला १०० मिलिलिटर प्रवाह, वायूत १ पीपीएम पाणी, तर धारा सुमारे १३.२ मायक्रोअँपिअर. प्रवाह अचूक ठेवला तर हे यंत्र आपलं उत्तर पहिल्या तत्त्वापासून देतं, दुसऱ्या कुणावर अवलंबून न राहता. हा आकडा मी पहिल्यांदा स्वतः कागदावर काढला आणि यंत्रावर तोच पाहिला, तो दिवस मला अजून आठवतो.

पण याच सेलनं मला एकदा मोठा धडा दिला. माझं तिसरं वर्ष होतं. हायड्रोजनच्या सिलिंडरांची एक अख्खी खेप मी ओली ठरवली आणि ती परत गेली. नंतर सरांनी माझी टिपणं मागितली आणि विचारलं, "दोन प्रवाहांवर घेतलंस का माप?" घेतलं नव्हतं. हायड्रोजनमध्ये काय होतं की सेलमध्ये पाणी फुटून निघालेला ऑक्सिजन आजूबाजूच्या हायड्रोजनशी पुन्हा जुळतो आणि पुन्हा पाणी बनतं. तेच पाणी पुन्हा फुटतं, पुन्हा मोजलं जातं. यंत्र नसलेलं पाणी दाखवत राहतं. ही जास्तीची धारा प्रवाहाबरोबर फारशी बदलत नाही. म्हणून मिनिटाला १०० मिलिलिटरवर एकदा, ५० वर एकदा असं माप घेतलं आणि दोन्हींतला फरक काढला, की ती वजा होते आणि वायूतलं खरं पाणी उरतं. मी ते पुन्हा केलं. वायू चांगला होता. मी स्वतः फोन केला, सुधारित अहवाल पाठवला, आणि तेव्हापासून प्रवाह बदलून पाहिल्याशिवाय कुठल्याही वायूचा आकडा लिहीत नाही.

आता अधिक नवी यंत्रंही आहेत. दोन अत्यंत परावर्तक आरशांच्या मधे लेझरचा किरण अडकवायचा आणि तो विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ओ'कीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. पाण्यासाठी १३९२ नॅनोमीटरच्या आसपासची रेषा वापरतात. अर्ध्या मीटरच्या पोकळीत आरसे ९९.९९८ टक्के परावर्तक असले, तर प्रकाश विझेपर्यंत सुमारे २५ किलोमीटर चालून जातो. पीपीबीच्या, म्हणजे अब्ज रेणूंमागे एखाद्या रेणूच्या, पातळीवरचं पाणी त्यात दिसतं आणि हायड्रोजनचा त्रासही होत नाही. मी त्यावर काम केलं आहे, मला ते फार आवडतं. तरीही सांगते, कितीही उत्तम यंत्र असलं तरी ते त्याच्या दाराशी आलेलाच वायू मोजतं. दारापर्यंतच्या वाटेत काय झालं, ते यंत्राला कळत नाही.

म्हणून मी ती वाट तपासायला निघाले. मुख्य लाइनच्या टॅपिंगपासून पॅनेलपर्यंत नमुन्याची नळी साधारण दहा मीटर होती, पाव इंची स्टेनलेस, स्वच्छ वाकवलेली, चांगल्या हातानं केलेलं काम. ते करणारे फिटरकाका माझ्याबरोबरच चालत होते. त्यांनी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून दाखवलं. कुठंही बुडबुडा नव्हता.

"मॅडम, आत आठ बार दाब आहे," ते म्हणाले. "भोक असेल तर वायू बाहेर येईल, शिट्टी वाजेल. बाहेरचं पाणी आत कसं शिरणार?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. मी त्यांना वहीत आकृती काढून दाखवलं. बाहेरच्या हवेत पाण्याचा स्वतःचा दाब सुमारे १६०० पास्कल. आत एकूण दाब आठ बार असला, तरी त्यातला पाण्याच्या वाट्याचा दाब जेमतेम काही पास्कल. पाण्याच्या रेणूच्या लेखी नायट्रोजनचा तो आठ बार नसल्यातच जमा. त्याला फक्त दिसतं की इकडे पाण्याची गर्दी आहे आणि तिकडे मोकळं मैदान. वाट मिळाली की तो जातो. स्टीलच्या भिंतीतून त्याला वाट मिळत नाही. रबर, नायलॉन यांतून मिळते, कमी प्रमाणात टेफ्लॉनमधूनही. त्यात साबणाच्या पाण्याचा बुडबुडा येत नाही, कारण भोक नसतंच. नळी धड असते आणि तरी पाझरते.

काकांनी आकृतीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पण ही तर सगळी स्टीलची आहे."

स्टीलचीही एक गोष्ट असते. पाणी तिच्यातून पलीकडे जात नाही, पण तिच्या आतल्या भिंतीवर बसून राहतं. दहा मीटर लांब, आतून साडेचार मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. आतलं क्षेत्रफळ झालं सुमारे १४०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा एकच रेणूजाड थर बसला, तर त्यात सुमारे दहाचा पंधरावा घात इतके रेणू मावतात. मिनिटाला एक लिटर वायूत १ पीपीएम पाणी, या हिशेबानं तो एक थर म्हणजे जवळजवळ तासभराचं सगळं पाणी. आणि उघड्या हवेत राहिलेल्या नळीवर एक थर नसतो, कित्येक असतात. वरचे लवकर सुटतात. धातूला लागून असलेले शेवटचे रेणू सोडता सोडत नाहीत, म्हणूनच नळी कोरडी व्हायला दिवस लागतो, कधी जास्तही. आतून घासून गुळगुळीत केलेल्या, विद्युत-पॉलिश केलेल्या नळीत पाण्याला बसायला जागा कमी मिळते आणि हा वेळ बराच उतरतो. ऊन लागून नळी तापली की भिंतीवरचं पाणी सुटतं, गार झाली की वायूतलं पाणी पुन्हा भिंतीवर जाऊन बसतं. दुपार-पहाटेचा फरक यानंही पडू शकतो.

पण तसं असतं, तर तीन महिन्यांत तो कमी होत गेला असता. भिंतीवरचं पाणी संपतं. पाझर संपत नाही. लॉगबुकातला पहिल्या आठवड्याचा चढउतार आणि बाराव्या आठवड्याचा चढउतार सारखेच होते.

मी ठरवलं, रात्री प्रवाह बदलून मापं घ्यायची. रात्र यासाठी की तापमान फारसं हलत नाही. नमुन्याच्या नळीतून जाणारा एकूण प्रवाह बायपासनं, म्हणजे सेलला वगळून जाणाऱ्या वाटेनं, बदलायचा, सेलमधून जाणारा मात्र मिनिटाला १०० मिलिलिटरच ठेवायचा. प्रत्येक बदलानंतर दोन तास थांबायचं. दहा वाजता अर्ध्या लिटरवर ६.४ मिळाले. साडेबाराला एक लिटरवर ३.६. तीन वाजता दोन लिटरवर २.२. मग पुन्हा अर्ध्या लिटरवर आणलं आणि पहाटे साडेपाचला ६.३ आले, म्हणजे रात्रीत वायू स्वतः बदललेला नव्हता. आरसाही हेच सांगत होता, त्याच्या सवयीप्रमाणे उशिरा.

हे तीन आकडे मी टेबलावरच्या कागदावर मांडले. आडव्या अक्षावर प्रवाह मांडला नाही, एक भागिले प्रवाह मांडला. तीन बिंदू सरळ रेषेत आले. पाणी वायूतूनच येत असतं, तर प्रवाह कितीही ठेवला तरी आकडा तोच राहिला असता. वाटेत कुठूनतरी ठरावीक वेगानं शिरत असेल, तर प्रवाह दुप्पट केला की शिरणाऱ्याचा वाटा निम्मा होणार, कारण तेवढंच पाणी दुप्पट वायूत मिसळणार. रेषा मागे वाढवली की ती उभ्या अक्षाला जिथं भेटते, तो आकडा म्हणजे अमर्याद प्रवाहावरचं माप, शिरणाऱ्या पाण्याचा वाटा शून्य. माझी रेषा ०.८ वर भेटली.

पुरवणारे खरं सांगत होते. आणि वापरणारेही खोटं सांगत नव्हते, त्यांच्या यंत्रापाशी खरंच ९ पीपीएम येत होतं.

रेषेच्या चढावरून शिरणाऱ्या पाण्याचाही हिशेब निघाला: मिनिटाला सुमारे २ मायक्रोग्रॅम. एक थेंब पाणी ५० मिलिग्रॅमचं धरलं, तर तेवढं आत यायला सतरा दिवस लागतील. सतरा दिवसांत एक थेंब, आणि त्यावर तीन आठवड्यांची पत्रं.

सकाळी जागा शोधायची होती. यासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे गरम हवेची बंदूक, अगदी कमी आचेवर. नळीचा हातभर तुकडा हलका तापवायचा, यंत्राकडे पाहायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, पुढं सरकायचं. स्टील तापवलं की आकडा उसळतो आणि बसतो, कारण भिंतीवरचं पाणी एकदाच सुटतं. पाझरणारी वस्तू तापवली की आकडा चढतो आणि ती गरम आहे तोवर चढलेलाच राहतो. टॅपिंगपासून पॅनेलपर्यंत सगळीकडे उसळणं आणि बसणं. दाबमापकाच्या फांदीपाशी जरा मोठी उसळी आली. अशा बंद फांद्यांत वायू वाहत नाही, पाणी कोपऱ्यात साठून राहतं आणि हळूहळू मुख्य नळीत येत राहतं. तीही नोंदवली. पण तीही बसली.

मग पॅनेलचं दार उघडलं. दाराच्या बिजागरीमागे, वायरींच्या आड, रेग्युलेटरच्या आधी एक काळी मऊ नळी होती. सव्वा मीटर नायलॉन. बंदूक तिच्याकडे वळवली आणि आकडा ६ वरून ११ वर गेला. दहा मिनिटांनीही ११ च.

फिटरकाका माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ही मीच बसवली. दार उघडताना स्टीलची नळी अडायची, जोड ढिला व्हायचा. म्हटलं लवचीक टाकू, गळणार नाही." थोडा वेळ गप्प राहिले. "आणि खरंच गळत नव्हती."

मी त्यांना म्हटलं, काका, गळत नव्हतीच. तुम्ही जोड चोख केलेत, म्हणूनच साबणाचा बुडबुडा आला नाही. हवेच्या लाइनला हीच नळी वर्षानुवर्षं चालते. पीपीएमच्या कामाला चालत नाही, आणि हे कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. मला हे मनापासून वाटतं. नमुन्याच्या नळ्या ज्यांच्या हातून बनतात, त्यांना त्यामागचं कारण सांगायची पद्धत फार कमी ठिकाणी आहे. नकाशावर एक बारीक रेघ असते, तिच्यावर 'नमुना' लिहिलेलं असतं, आणि सगळं लक्ष यंत्राच्या मॉडेलवर असतं.

दार उघडायला लवचीकता हवी होती हेही खरं. मी म्हटलं, तीन मिलिमीटरच्या ३१६ एल स्टेनलेस नळीचं वेटोळं करता येईल का, स्प्रिंगसारखं? काकांनी उत्तर दिलं नाही, आत गेले. तासाभरात एका जाड पाइपाभोवती सहा फेरे गुंडाळून, एकही चपटा वाक न येऊ देता, ते वेटोळं घेऊन आले. दार उघडून-मिटून पाहिलं, वेटोळं सहज लांबत होतं, आखडत होतं. दाबमापकाची फांदीही त्यांनी तोडून अगदी आखूड केली.

जोडल्यावर पहिला आकडा १४० आला. तिथला इंजिनिअर मुलगा दचकला. नवी नळी, उघडलेले जोड, आत शिरलेली हवा, इतका यायचाच. अशा वेळी लोक दोन चुका करतात: घाबरून पुन्हा सगळं उघडतात, किंवा प्रवाह बंद करून उद्या पाहू म्हणतात. दोन्हींनी घड्याळ शून्यावर येतं. आम्ही रेग्युलेटर दहा-बारा वेळा दाब भरून सोडून धुतला, कारण नुसत्या वाहत्या वायूनं त्याच्या पोटातले कोपरे लवकर सुकत नाहीत. नळीवर तापवणारी पट्टी गुंडाळून ती साठ अंशांवर ठेवली आणि प्रवाह दोन लिटरवर सोडून दिला. तासाभरानं २२, चार तासांनी ६, दुसऱ्या दिवशी सकाळी १.४. मग पट्टी बंद केली, प्रवाह नेहमीच्या अर्ध्या लिटरवर आणला आणि नळीला तिच्या रोजच्या तापमानावर येऊ दिलं.

अडीच वाजले तेव्हा ऊन पॅनेलच्या पत्र्यावर होतं. आम्ही चौघं उभे होतो, दोन्ही बाजूंचे लोक, फिटरकाका आणि मी. अर्ध्या लिटरवर ०.९. प्रवाह एक लिटर केला, वाट पाहिली: ०.८. दोन लिटर: ०.८. पुन्हा अर्ध्यावर आणला आणि साडेआठपर्यंत थांबले. ०.८.

काकांनी लॉगबुक पुढं ओढलं, वेळ लिहिली, आकडा लिहिला, सही केली. मग पट्टी मागितली आणि पानाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ मारून तिच्या वर लिहिलं: प्रवाह.